पिंजाऱ्याच्या अकरा रिवायती

मागच्या महिन्यात औरंगाबादेहून एक गृहस्थ आले होते. गावोगावच्या मोहरमच्या गाण्यांचा संग्रह करायला निघालेले, सज्जन माणूस. म्हणाले, बोरीच्या पिंजाऱ्यांच्या रिवायती म्हणजे आपल्या मराठवाड्याचा ठेवा आहे आणि तुम्ही त्या त्यांच्या तोंडून लिहून घेतल्या होत्या असं ऐकतो. मी चहा मागवला. वही गहाळ झाली म्हणालो. ते हळहळले, माझेच आभार मानून गेले.

वही गहाळ झालेली नाही. माझ्या ट्रंकेत आहे. तिच्यात एकही रिवायत नाही.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली, लिहून टाकतो.

माझ्या आधीची आईची तीन मुलं पाळण्यातच गेली. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारे. पण आईनं चौथ्या खेपेला मोहरमच्या पंजासमोर पदर पसरला. पोरगं जगलं तर लग्न होईपर्यंत दरसाल त्याला फकीर करीन. मी जगलो. मग दरवर्षी मोहरमचा चांद दिसला की गळ्यात हिरवा गंडा पडायचा, दहा दिवस पाच घरी मागून खायचं आणि अलाव्याभोवती, म्हणजे त्या खड्ड्यातल्या धुनीभोवती, करबल्याच्या शोकाची गाणी म्हणायची. ती रिवायत. गंडा दहाव्या दिवसानंतर आईनंच उतरवायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमच्यात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गावातली निम्मी फकीर पोरं हिंदूंचीच असायची.

रिवायत शिकवायचा उस्ताद म्हणजे गावातला पिंजारी. कापूस पिंजणं, गाद्या-रजया भरणं हा धंदा. पिंजाऱ्यांची गावात चारच घरं. नमाजी खानदानी लोक त्यांना हलकं समजायचे, कारण ते घरात मराठी बोलत आणि बायका कुंकवाचं बोट सोडून सगळं आमच्यासारखंच करत. आमचे लोक त्यांना मुसलमान म्हणून ओट्याच्या खाली बसवत. दोन्हीकडून उरलेले लोक. पण त्यांच्याजवळ जे गाणं होतं ते जिंतूर तालुक्यात कुणाजवळ नव्हतं. पिंजायची कमान आढ्याला दोरीनं टांगलेली असते, तिच्या तातीवर लाकडी मुठीनं ठोके घालायचे. दोन हलके, एक भारी. भारी ठोक्याला कापूस उडतो. त्यांच्या रिवायती त्याच मापाच्या होत्या: दोन तुकडे भरभर, तिसऱ्याला दम धरायचा. निम्मी दखनी, निम्मी आपली मराठी. सेलूच्या जिनिंगकडे गेलेले पिंजारीसुद्धा मोहरमला ती ऐकायला परत यायचे.

माझा गळा चांगला होता. विसाव्या वर्षी उस्तादानं मला पुढं बसवलं, सख्ख्या पुतण्याला मागं सारून. त्यामुळं मला जी मस्ती चढायची ती चढली.

त्या साली सातव्या दिवशी दुपारी शेजारच्या गावची पार्टी आली होती. अलाव्याच्या त्या बाजूला ते, या बाजूला आम्ही. एक रिवायत त्यांनी म्हणायची, एक आम्ही. ते लोक जोरात होते, बाया-माणसं त्यांच्याकडं तोंडं करून बसलेली. मला राहवलं नाही. आमची सगळ्यात चढी, सगळ्यांना रडवणारी चीज होती ती मी काढली. ती होती अलविदा. दहाव्या दिवशी ताबूत-डोले पाण्याकडं निघतात तेव्हाची, निरोपाची. सातव्या दिवशी ती म्हणणं म्हणजे दारात पाहुणा बसलेला असताना त्याच्या नावानं अंघोळ करणं. दोन ओळी म्हटल्या आणि माझ्याही ध्यानात आलं. पण समोरच्या बाया रडायला लागल्या होत्या. मी थांबलो नाही.

उस्तादानं डफ खाली ठेवला. उठला, माझ्यासमोर आला.

"कुणाला वाटं लावायलायस रे?"

मी धुनीकडं बघितलं.

"रडायला बसलास का गळा दाखवायला? सवारी उठायला तीन दिवस हायत. तुला लय घाई झाली."

समोरच्या पार्टीतला एक जण हसून म्हणाला, "पोराला पोटात दुखत आसंल चाचा, जाऊ द्या घरी."

सगळे हसले. उस्ताद हसला नाही. त्यानं माझ्या गळ्यातला गंडा दोन बोटांनी उचलला, डोक्यावरून काढला आणि म्हणाला, "जा. यंदा तू फकीर न्हाईस."

दोन गावांसमोर. आई बायांमध्ये बसलेली होती.

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. पण घरी आल्यावर चुलीपुढं बसून राहिली. नवस मोडला, गंडा दुसऱ्यानं उतरवला. तीन लेकरं नेणारा आता चौथ्यासाठी येतो का काय, एवढंच तिच्या डोक्यात. तिसऱ्या दिवशी उस्ताद आमच्या दारी आला. मी त्याला गल्लीतून येताना पाहिलं आणि आतून अडसर घातला. त्यानं दोनदा कडी वाजवली. "आरं, आईला तरी बोलू दे," म्हणाला. मी आत उभा राहून त्याचे पाय दाराच्या फटीतून बघत होतो. गेला. त्याच सालच्या थंडीत आईला ताप आला. पडून असताना ती एकच म्हणायची, "गंडा तुटला रे." गेली.

तेव्हा मी ठरवलं. उगाच सभ्यपणा करत नाही, ठरवलं तेव्हा मला बरं वाटलं. आईच्या समाधीच्या खड्ड्यापाशी उभं राहून मला पहिल्यांदा पोटभर श्वास आला. या माणसाला असं काही करायचं की त्याला कळूही नये आणि त्याचं सगळं जावं.

त्यासाठी नऊ-दहा वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात मी जिंतूरला तहसीलबाहेर अर्ज लिहायला बसू लागलो. शिक्षण उर्दूत झालेलं, अक्षर मोत्यासारखं. आठ दिवसांनी बोरीला यायचो. उस्तादाला वाकून सलाम करायचो. मोहरमला मागच्या रांगेत बसून साथ धरायचो. लोक म्हणत, पोरगा सुधारला.

मग उस्तादाचा दमा वाढला. कापसाच्या तंतूंनी छाती भरली होती. पुतण्या सेलूला जिनिंगवर गेला तो गेलाच. एक दिवस म्हातारा स्वतःच जिंतूरला माझ्या चटईसमोर येऊन बसला.

"मुन्शी, माझं एक काम करशील का?"

"अर्ज का उस्ताद?"

"अर्ज न्हाई बाबा. रिवायती. अकरा हायत माझ्याजवळ. चार तुला येत्यात, सात कुणालाच येत न्हाईत. माझ्या आज्यापास्नं आलेल्या. मी गेलो की गेल्या. लिवून घे. मला अक्षर येत न्हाई, तुझ्याबिगर कुणाला सांगू?"

मी हो म्हणालो. माझा आवाज जराही हलला नाही.

त्या उन्हाळ्यात दर शुक्रवारी दुपारी मी त्याच्या पडवीत बसायचो. त्याची विधवा लेक आतल्या खोलीत रजया टाचत असे. दार अर्धं लोटलेलं, सुईचा हात तेवढा दिसायचा. म्हातारा ओळ म्हणायचा, दम घ्यायचा, मुठीनं मांडीवर ठोके द्यायचा, दोन हलके, एक भारी. मी लिहायचो. रिवायतीसारखंच, दोन-दोन ओळी जोडून, मध्ये जागा सोडून. पहिल्या पानावर लिहिलं: बखिदमत जनाब तहसीलदार साहेब, तालुका जिंतूर. फिर्यादी अमक्या गावचा, जात लिंगायत. मुलजिम त्याच गावचा पिंजारी. अर्ज असा की, मुलजिमानं फिर्यादीच्या गळ्यातला नवसाचा गंडा भर सभेत काढला, त्या धसक्यानं फिर्यादीची आई मेली.

अकराही रिवायतींच्या जागी हेच लिहिलं. दरवेळी नव्यानं, कलमं वाढवून, साक्षीदार घालून. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता आणि ते माझे सगळ्यात चांगले अर्ज होते. म्हातारा डोळे मिटून करबल्याच्या तहानेवर गात होता, खोकत होता, डोळे पुसत होता. मी त्याच्यासमोर बसून त्याच्यावर फिर्याद लिहीत होतो. त्याच्या ओळी कानावर पडत, पण मी त्या आत घेतल्या नाहीत. घ्यायच्याच नाहीत असं ठरवलेलं होतं.

तो अधूनमधून म्हणे, "वाच बघू." मी वही डोळ्यांपुढं धरून त्यानं नुकत्याच म्हटलेल्या दोन ओळी तोंडपाठ म्हणून दाखवायचो. तो मान डोलवायचा. म्हणायचा, "कागद लय इमानदार आसतो."

वही त्यानं हिरव्या कापडात बांधली. तिला तो बयाज म्हणायचा, मोठ्या घरचे लोक म्हणतात तसं. उशाशी घेऊन झोपायचा. एका पावसाळ्यात गेला तेव्हा ती छातीवर होती. मी जनाज्याला गेलो, खांदा दिला. मनात म्हटलं, फिर्यादीचा निकाल लागला.

पुढच्या मोहरमला गावानं मला पुढं बसवलं. उस्तादाची बयाज याच्याच हातची, याला सगळ्या येत असणार. मी त्या चार रिवायती म्हटल्या, मग पुन्हा त्याच. पाचवी कुणी मागितली की म्हणायचो, गळा बसला. बायांमध्ये त्याची लेक बसलेली असायची. ती कधी काही बोलली नाही.

मग निजामावर पोलिस ॲक्शन झाली. त्या दिवसांत आमच्या भागात माणसांनी माणसांवर जे सूड उगवले त्यांना निदान वेळेचं निमित्त होतं. मला तेही नव्हतं. पिंजाऱ्यांची तीन घरं एका आठवड्यात उठली. चौथं त्या लेकीचं. ती हैदराबादेला दिराकडं निघाली असं कळलं तेव्हा मी गेलो. का गेलो ते नेमकं सांगता येत नाही. सूड पुरा झाला होता आणि मला झोप येत नव्हती, एवढं खरं.

बैलगाडी भरलेली होती. कमान तिनं गाडीला आडवी बांधली होती. ती पडवीत बसलेली, हिरवं बासन मांडीवर.

"या मुन्शीजी," ती म्हणाली. "बयाज न्यायला आलात?"

मी म्हणालो, "आपा, त्या सात रिवायती. तुम्ही आत बसून ऐकत होता. तुम्हाला येत असतील."

"येत्यात की. सातच का, अकराही येत्यात. रजई टाचताना दुसरं काय करते मी?"

"मला सांगा. मी लिहून घेतो."

"आता बराबर लिवाल?"

तेव्हा मला कळलं. तरी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?"

"मेलेल्या नवऱ्यानं शिकवलं तेवढं. तुमचं पहिलं पान अब्बा झोपल्यावर त्याच सांजेला वाचलं. दर शुक्रवारी वाचलं. त्याला सांगितलं न्हाई. काय सांगू, अब्बा, तुमी सोनं देतायत आन त्यो शेण लिवायलाय? त्याला सुखानं मरू दिलं. तुमाला न्हाई देणार. काढा कागद."

मी दौत-कागद काढला. वाटलं, सांगते आहे.

"लिवा. बखिदमत जनाब तहसीलदार साहेब."

मी तिच्याकडं पाहिलं.

"लिवा ना. तुमाला येतं की हे."

मी लिहिलं. फिर्यादी पिंजाऱ्याची लेक. मुलजिम गावचा मुन्शी. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, कलमवार, जसा अर्ज असतो तसा. मध्येच म्हणाली, "हे बी घाला. माझ्या बापानं मुलजिमाचा गंडा तोडला न्हाई. काढून सोताच्या गळ्यात घातला, सदऱ्याच्या आत, दहाव्यापतूर, नवस मोडू नये म्हणून. तेच सांगायला त्यो तिसऱ्या दिशी दारी गेला. दार उघडलं न्हाई."

लेखणी थांबली. हे खरं होतं, का मला जन्मभर जाळायला तिनं त्या पडवीत बसून रचलं, मला आजही ठाऊक नाही. तिच्या जागी मी असतो तर रचलंही असतं.

"सात रिवायती मुलजिमानं लिवल्या न्हाईत. त्या फिर्यादीजवळ हायत आन ती त्या कुणाला देणार न्हाई. तिच्या मागं कुणी न्हाई."

"आपा, बापावर राग नाही ना तुमचा. त्याच्या आज्याच्या आहेत."

"तुमचाबी आईवर राग नव्हता," ती म्हणाली. "वाचून दाखवा."

आमच्या धंद्यात सही घेण्याआधी अर्ज वाचून दाखवावा लागतो. मी वाचला, पहिल्यापासून. गाडीवान बैलांना पाणी दाखवून परत आला, उभा राहिला, त्यानंही ऐकला. शेवटी मी लिहिलं होतं, अशा रीतीनं सात रिवायती हरवल्या.

"हरवल्या न्हाई," ती म्हणाली. "मारल्या लिवा. दोघांनी मिळून."

मी खोडून तसं लिहिलं. तिनं स्वतःच्या हातानं उर्दूत सही केली, अक्षर माझ्याहून वाईट नव्हतं. अर्ज बयाजेत घातला, बयाज माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडीत चढून बसली.