काकूंच्या मागचा रस्ता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, गटातल्या कुणाला नाही. एवढी लिहायची सवय, तरी हे कधी कागदावर उतरवलं नाही. तुला सांगते. मधे थांबवू नकोस.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा कामगार संघटनेत. कंपनीच्या गेटवर वाटायच्या पत्रकांच्या घड्या आमच्या स्वयंपाकघरात पडायच्या. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांवरूनच. त्यामुळे निगडीच्या धावण्याच्या गटात गेले, तेही तत्त्व घेऊनच. गटात ‘शेपूट’ नावाचं एक काम असतं — सगळ्यात हळू धावणाऱ्याच्याही मागे राहायचं, त्याला ओलांडायचं नाही. ते कुणालाच नको असतं. मी मागून घेतलं. सगळ्यात मागच्याचा वेग तोच गटाचा वेग, असं भाषणही ठोकलं. एक जण म्हणाला, “घ्या राव, आता हिच्यासमोर जोरात पळायचीपण चोरी.” सगळे हसले. मीही.

पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीत प्रशिक्षकांनी चाकणपलीकडच्या घाटातली अर्धी मॅरेथॉन ठेवली होती. शर्यत म्हणून नाही, सराव म्हणून. आमच्यात सगळ्यात मागे असणार होत्या मंदाकाकू — दिघीच्या, पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल बांधून पळणाऱ्या. सुटायच्या आधी त्यांनी माझा हात धरला.

“चढाची भीती न्हाई गं मला. पण मागं मोकळा रस्ता असला की पाय उचलत न्हाई. तू हायेस ना मागं?”

का, ते मी विचारलं नाही. हो म्हणाले.

आणि होतेही — अर्ध्या घाटापर्यंत.

मग काय झालं? काहीच नाही. पाय दुखला नाही, पाणी संपलं नाही. उलट — एका वळणावर धुकं फाटलं आणि खाली कारखान्यांचा सगळा पट्टा उघडा पडला. शेडची निळी छपरं, नव्या कोऱ्या गाड्यांच्या खेळण्यांसारख्या रांगा, मधून इंद्रायणीची रेघ. एवढ्या आवाजाचा, एवढ्या घामाचा मुलूख — आणि वर काही ऐकू येत नाही. फक्त माझा श्वास. आणि पाय! इतक्या महिन्यांच्या सरावानंतर ते जणू माझे राहिलेच नव्हते. चढच मला वर ओढत होता. तुला कधी स्वतःच्या शरीराचा असा अचंबा वाटलाय? काकूंना ओलांडताना म्हणाले, पुढचं वळण बघून येते.

आले नाही.

मागे वळून पाहिलंही नाही. मुद्दाम. वळले असते तर थांबावं लागलं असतं. माथ्यावर हात पसरून उभी राहिले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यानं आलं.

सगळ्यांच्या मागून येणारी आयोजकांची गाडी पाय मुरगळलेल्या एकाला घेऊन आधीच पुढे गेली होती. म्हणजे काकूंच्या मागे — कुणी नाही.

त्या आल्या. शर्यत संपते तिथला मांडव उतरवत होते, तेव्हा आल्या. आमच्यातला एक जण त्यांना शोधायला मोटारसायकलवरून गेला होता. त्यानं लांबून पाहिलं — काकू चार पावलं चढायच्या, पूर्ण मागे वळायच्या, मोकळा रस्ता बघायच्या, पुन्हा चढायच्या. गाडीवर बसायला त्या तयार झाल्या नाहीत. मग तोच हळूहळू त्यांच्या मागून आला. पण तोवर जवळजवळ सगळा घाट त्यांनी एकटीनं चढला होता. तसं चढणं म्हणजे काय असतं? मी त्यानंतर पुष्कळ डोंगर पाहिले. एवढा मोठा एकही नाही.

प्रशिक्षकांनी विचारलं, शेपूट कुठे होतं? मी म्हणाले — काकूच म्हणाल्या, तू हो पुढे.

काकू तिथेच बसून बूट काढत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, तेच सोसवत नाही.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “मीच म्हणाले. तरणी पोर, तिला कशाला अडकवून ठेवू?”

सगळ्यांनी माझ्या वेळेचं कौतुक केलं. मी ते घेतलं.

पूर्ण मॅरेथॉन मी पळाले. काकू त्या घाटानंतर गटात परत आल्याच नाहीत. गुडघ्यांमुळे, असं मीच सगळ्यांना सांगितलं. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.