फुईला विचारल्याशिवाय

फुई म्हणजे माझी आत्या. सातपुड्यात, धडगावच्या पुढे आमचा पाडा आहे. तिथे आजारी माणसाला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, सोबत कोणी जायचं, हे बायका तिला विचारून ठरवतात. पुढे आसपासच्या पाड्यांवरच्या बायकांची मिळून एक आरोग्य समिती झाली, तिची प्रमुखही फुईच.

हे सगळं तिचा मुलगा गेल्यावर सुरू झालं. तो माझ्याच वयाचा होता. त्याचे सांधे ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे. आम्ही लहान असताना पाड्यावर डॉक्टरांची एक गाडी आली होती. त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं, मुलांना बिस्किटं दिली आणि कुणाला काय आजार आहे ते कळवतो म्हणून सांगून गेले. कुणीच काही कळवलं नाही. तो आठवीत असताना गेला. त्याला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार होता हे मला पुढे कॉलेजात, पुस्तकातली लक्षणं वाचताना उमगलं. त्या दिवसापासून मी रक्ताचाच अभ्यास धरला, आणि तो धरून जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका संस्थेत पीएचडीला आले.

संस्थेत पुण्याच्या एक वरिष्ठ शास्त्रज्ञ होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे धड बूट नव्हते, तर त्यांनी स्वतःचे दिले. दिवाळीला घरी बोलावून चकल्या तळायला बसवलं. त्यांची मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देत. ताई म्हणायच्या, "निदान तू तरी माझ्याशी मराठीत भांड." पाडा, आदिवासी, कोटा असले शब्द मी पुण्यामुंबईच्या लोकांसमोर सहसा काढत नाही. ताईंसमोर काढले. फुईच्या मुलाबद्दल मी फक्त त्यांच्याशीच बोलले होते.

एका बैठकीत संस्थेच्या प्रमुखांनी सांगितलं की खालच्या शीतगृहात भारतातून आलेले रक्ताचे जुने नमुने पडून आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरवू. त्यांनी तालुक्याचं नाव वाचलं. उच्चार चुकला, तरी मला कळलं. मी उठून त्यांना गाडीबद्दल सांगितलं, बिस्किटांबद्दल सांगितलं. प्रमुखांनी यादी खाली ठेवली. मग ताईच बोलल्या: त्या लोकांना इथे बोलवा, माफी मागा आणि पुढचं त्यांनाच ठरवू द्या. बैठक संपल्यावर मी त्यांच्या गळ्यात पडले.

वसंत ऋतूत फुई आली. विमानतळावर तिने नऊवारीवर माझं जॅकेट चढवलं आणि ट्राममध्ये खिडकीशी बसून एल्ब नदीचं पाणी बघत राहिली. सभागृहात प्रमुखांनी जर्मनमधून माफी मागितली. मी त्यांचं वाक्य न् वाक्य आमच्या बोलीत आणलं. रक्त घेताना खरं सांगितलं नाही, घेतल्यावर कळवलं नाही, हे चुकलं, असं ते म्हणाले. समिती सांगेपर्यंत रक्ताची एकही नळी उघडणार नाही, असा शब्दही त्यांनी दिला.

फुईने नळ्या बघायच्या आहेत असं सांगितलं. आम्ही खाली गेलो. फ्रीझरचं दार उघडल्यावर पांढरी वाफ बाहेर आली, तशी ती एक पाऊल मागे सरली. मग तिने विचारलं, तिच्या मुलाची कुठली. प्रमुखांनी नकारार्थी मान हलवली. नळ्यांवर नुसते आकडे होते, नावांशी असलेली जोड पूर्वीच तुटली होती.

"म्हणजे ह्यांनाही माहीत नाही?" तिने मला विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हा ती प्रमुखांकडे वळून आपल्या बोलीत म्हणाली, "ही आमची माणसं आहेत. आम्ही घरी जाऊन बसू, बोलू, मग सांगू. तोवर हात लावायचा नाही."

मी भाषांतर केलं. प्रमुखांनी छातीवर हात ठेवून "या" म्हटलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ हो असा होतो. फुईला वाटलं, 'या आता' म्हणून ते तिला निरोप देताहेत. ती खरोखरच दाराकडे निघाली. मी समजावल्यावर त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

रात्रीचं जेवण ताईंकडे होतं. ताईंनी वाकून नमस्कार केला. फुईने घरून आणलेली मोहाची फुलं त्यांच्या ओंजळीत दिली आणि त्यांना बहीण म्हणाली.

समितीला वेळ लागणार हे मला माहीत होतं. पावसाळ्यात आमचे रस्ते तुटतात. शिवाय आमच्याकडे हात वर करून निर्णय होत नाही. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत बसून राहायचं असतं. इकडे मेन्सात, म्हणजे संस्थेच्या कँटीनमध्ये, जेवताना ताई अधूनमधून विचारायच्या, तुमच्याकडे काय म्हणतायत. मीही जेवताजेवता सांगायचे: बायका चिडलेल्या आहेत, पण संशोधनाच्या विरुद्ध नाहीत, मुलांच्या तपासणीचं काय, असं विचारतात, अजून ठरलेलं नाही. घरच्या माणसाला सांगावं तसं सांगायचे.

पानगळीच्या दिवसांत संस्थेची वार्षिक परिषद झाली. ताई मंचावर होत्या. पडद्यावर आलेख आले, आणि तालुक्याचं नाव वाचल्यावर मला कळलं की नळ्या उघडल्या आहेत. आपल्या पाड्याचं रक्त आपण पडद्यावर बघतो आहोत हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या की हे काम आदिवासी नेतृत्वाखाली, सलोख्याच्या भावनेतून झालं आहे. आणि पडद्यावर माझा फोटो आला. चकल्या तळल्या त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात काढलेला, मागची भिंत कापलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईने माझा हात दाबला.

मी ताईंना कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. कुणाला विचारलंत, एवढंच विचारलं.

"अगं, तुलाच की. मेन्सात किती वेळा बोललो आपण. तू कधी नाही म्हणालीस?"

"मी समिती नाही, ताई. फुईला विचारायचं ठरलं होतं."

"तू त्यांच्यातलीच ना? आल्झो, मग तुझ्याहून चांगला प्रतिनिधी कोण असणार? तुझी आत्या चांगलीच आहे गं, पण हे तिला कळणार तरी आहे का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रिसर्च पेपरात तुझंही नाव घातलंय. तुझ्यासाठीच केलं मी हे."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला अजून सलतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझं भलं केलं.

प्रमुखांकडे गेले, तर ते म्हणाले की समुदायाचा होकार आल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं. समितीला एक फोन करून खात्री का केली नाही, असं मी विचारलं. पुन्हा एकदा माफी मागता येईल, असं त्यांनी सुचवलं. पाहिजे तर फुईला परत बोलावू.

फुईला सांगायला मी रविवारची वाट पाहिली, कारण त्या दिवशी ती बाजाराला येते आणि तिथे रेंज असते. मी सगळं सांगितलं, मेन्सातलं बोलणंही. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. माझं झाल्यावर तिने विचारलं, "त्यात माझा पोरगाही होता?"

"होता, फुई. सगळ्याच नळ्या उघडल्या."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी तिला बहीण म्हटलं होतं." आणि फोन ठेवला.

मी पेपरातून नाव काढायला लावलं आणि संस्थेच्या नीतिसमितीकडे तक्रार केली. काम थांबलं, नळ्या पुन्हा बंद झाल्या, पण काढलेली माहिती काही परत नळीत जात नाही. मी ती संस्था सोडली. आता जर्मनीतच कायझर्सलाउटर्नला एका लहान प्रयोगशाळेत काम करते. ताईंचे वाढदिवसाचे मेसेज येतात. मी ते उघडत नाही.

हे सगळं ऐकल्यावर समितीने ठरवलं की आता बाहेरच्या कुणाला रक्त द्यायचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून तपासणी करून घ्यायची, ती पाड्यावरच, आणि निकाल आईच्या हातात त्याच दिवशी. हे फुईने करून दाखवलं. मागच्या हिवाळ्यात मी घरी गेले तेव्हा तपासणीचा दिवस होता. मी हातमोजे घालून बसले. माझ्यासोबत शाळेत असलेली एक बाई लेकराला घेऊन रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, लेकराचा हात पदराखाली घेतला आणि दुसऱ्या टेबलाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

फुई तिथेच मधे बसलेली होती. तिने ते पाहिलं आणि त्या बाईला परत बोलावलं नाही.