कंबरेत अर्धा इंच

कारखान्याच्या फाटकासमोर, सायकलवाल्याला लागून, टेलरबाईचं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली: एक मशीन, एक टेबल आणि मागच्या खोलीवर ओढलेला पडदा. कारखान्यातल्या बायकांचे युनिफॉर्म वीस वर्षं तीच शिवत आली. एरवी बाईच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणाचा नवरा घोरतो, कुणाची सासू साखर मोजून देते, सगळं येईल त्याला ऐकवणार. पण एका बाबतीत तोंडाला कुलूप.

त्याचं असं होतं, की कुणाला दिवस गेले हे नवऱ्याच्याही आधी हिला कळायचं. एखादी बाई यायची नि म्हणायची, “पँट धुऊन आवळली हो, कंबरेत अर्धा इंच सोडा.” टेप फिरवली की टेलरबाई काय ते समजायची. कारखान्यात करार अकरा महिन्यांचा. पोट दिसलं की पुढचा कागद मिळत नसे. मग तीच बाई तीन-चार आठवड्यांनी परत यायची, पांढराफटक चेहरा घेऊन: “पुन्हा आत घ्या.” टेलरबाई खडूची रेघ मारायची आणि विचारायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण कशाला उघडा? त्यातल्या एकीचा युनिफॉर्म न्यायला कुणी आलंच नाही. वर्षभर खुंटीवर राहिला. तेव्हाही हिनं कुठे चौकशी केली नाही.

त्या दिवशी सकाळी तिची सूनच टेबलापाशी येऊन उभी राहिली. तीही त्याच कारखान्यात, पॅकिंगला.

“आई, माझी पँट जरा आत घ्याल का? दोनच्या शिफ्टला जायचंय. आज करारावर सह्या आहेत.”

महिन्यापूर्वी हीच पँट सुनेनं सैल करून घेतली होती. टेलरबाईला तेव्हाच कळलं होतं. आपणहून सांगेल, म्हणून ती गप्प बसली. खरं सांगायचं तर घाबरली होती, कारण सुनेची तांबी काढायला लावणारी तीच. दोन लेकरं झाल्यावर तिसरं नको म्हणून सुनेनं सरळ जाऊन तांबी बसवून घेतली होती. पण दुकानात कुणीतरी सांगितलं, तांबी छातीत चढते, एक जण त्यात गेली. बोलण्याला ना आगा ना पिछा, पण टेलरबाईनं धसका घेतला. सुनेच्या मागे लागून, स्वतः सोबत जाऊन काढून आणली. तिथली नर्स म्हणाली होती, “असं काही होत नसतं हो. काढायचीच असेल तर दुसरं काहीतरी सुरू करा. गोळ्या घ्या, निरोध वापरा.” “बघू,” म्हणून दोघी घरी आल्या. मुलगा ट्रकवर, पंधरा दिवसांनी घरी यायचा. निरोधचं नाव काढलं की बायकोचं बोलणं हसण्यावारी न्यायचा. झालं, विषय संपला.

टेप फिरवताना टेलरबाईच्या बोटांना चटका बसला.

“अगं, ताप आहे तुला.”

“थकवा आहे, आई. शिवा ना.”

सुनेचे ओठ कोरडे पडले होते. एका हातानं तिनं टेबल गच्च धरलं होतं. विचार, आता तरी विचार, असं टेलरबाईचं मन ओरडत होतं. आणि ही भवानी मशीनवर जाऊन बसली! एक बाजू शिवली. सून पडद्यामागे गेली, नळ सोडल्याचा आवाज आला. हिनं दुसरी बाजू शिवली. नळ चालूच. बादली केव्हाच भरली असणार.

“पाणी वाया चाललंय गं,” तिनं बसल्या जागेवरून हाक दिली. मग उठली.

पडदा सारला तर सून मोरीत भिंतीला टेकून बसलेली, आणि पाणी लाल. टेलरबाईनं नळ बंद केला.

“काय केलंस?”

“गोळ्या घेतल्या. पॅकिंगमधल्या एकीनं आणून दिल्या. आठ दिवस झाले, थांबतच नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला माहीत होतं ना, आई.” सुनेचा आवाज अगदी खोल गेला होता. “तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुमच्याही मनात तेच आहे.”

सायकलवाल्यानं रस्त्यावरचा टेम्पो थांबवला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “आत अंश राहिलाय, विष अंगात भिनलंय. पहिल्याच दिवशी इथे आली असती तर साधं काम होतं, कुणी हाकललं नसतं. आता पिशवी काढावी लागेल, आणि तरीही मी खात्री देत नाही. सही कोण करतंय?”

टेलरबाईनं सही केली. मग चार तास बाकावर बसून राहिली, एकटी.

मुलगा पोहोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. सुनेचा जीव वाचला होता. तिला वॉर्डात आणून ठेवलं होतं, डोळे मिटलेले. तो दारातच थांबला. आत जायचा त्याला धीर होईना.

“आई, तू तर घरातच होतीस,” तो म्हणाला. “तुला काहीच कळलं नाही?”

नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. सून कधीच काही बोलली नसती.

“कळलं होतं,” टेलरबाई म्हणाली. “सगळ्यांच्या आधी.”