मोरचूद पचवणारी सतरा नंबर

बुरशीवर काम करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. ती वाढेपर्यंत वाट बघत बसायचं, आणि बसलं की बोलणं आलंच! सांगलीच्या आमच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये बोलायला तिघं होतो: सर, लॅब अटेंडंट तानाजीमामा आणि मी. सर रिटायर होऊन दहिवडीला गेले, तेव्हापासून मी आणि मामा. घरी मी एकटीच, त्यामुळे ऐकणारं कुणी भेटलं की मला थांबवणं अवघड.

*

द्राक्षबागेत वर्षानुवर्षं मोरचुदाची फवारणी होते आणि त्यातलं तांबं मातीत साठत जातं. अशा मातीतही तग धरणारी बुरशी आम्ही शोधत होतो. तासगावच्या एका बागाईतदारांना सरांनी हे समजावलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"आवं सर, बुरशी मरावी म्हणून आमी फवारून दमलोय, आन तुमी न मेलेली हुडकाया आलाय व्हय?"

माती दिली, वर पिशवीभर बेदाणेही दिले. निघताना मला हळूच म्हणाले, "म्याडम, गावली तर तिकडंच ठेवा!"

*

गावली. सतरा नंबरच्या नमुन्यात. तांबं घातलेल्या खाद्यावर ठेवली, तर आठ दिवस काहीच नाही. मी प्लेट धुवायला काढली.

सर म्हणाले, "थांबा. मेली नाही ती, विचार करतेय!"

नवव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला. ही बुरशी तांबं आपल्या पेशींच्या भिंतीतच धरून ठेवते, आत फारसं जाऊ देत नाही, हे पुढे कळलं. त्या दिवशी मात्र सरांनी भडंग आणून वाटलं. घ्यायला मामा आणि मी दोघंच, म्हणून तीन-तीनदा वाटलं.

*

सरांचा निरोप समारंभ. प्राचार्य भाषणात म्हणाले, "सरांनी मशरूमसाठी आयुष्य वेचलं!"

मी दुरुस्ती करायला उठणार, तर सरांनी खुणेनं बसवलं. "राहू द्या. जवळपास पोचलेत!"

*

सर गेल्यावर मी प्लेटांशी बोलायला लागले. "आज का गं फिकी?" वगैरे. एकदा मामांनी दारातून डोकावून विचारलं, "म्याडम, पावनं आल्यात? दोन च्या सांगू?"

नाही म्हणायची लाज वाटली. सांगा, म्हटलं. दोन्ही कप मीच प्यायले. दुसऱ्या दिवसापासून मामा रोज दोन चहा आणतात, आणि दुसरा माझ्यासमोर स्टुलावर बसून स्वतः पितात.

*

सतरा नंबरला दर महिन्याला नव्या खाद्यावर हलवावं लागतं, आणि त्यात तांबं हवंच. बिनतांब्याच्या खाद्यावर राहिली की तिची सवय मोडते. यंदा माझं ऑपरेशन झालं. काही महिने रजेवर होते, तेवढे दिवस मामांनी सगळं वेळेवर केलं. परत आले तर बुरशी कापसासारखी फुललेली!

"मामा, हे काय?"

"तांबं घातलंच न्हाई म्या. आवं, किती दिस त्या बिचारीनं इखच खायाचं?"

तिला पुन्हा तांब्यावर ठेवली. आठ दिवस थांबले, नऊ थांबले, महिना थांबले. सतरा नंबर गेली. मामा चार दिवस डबा न उघडताच घरी नेत होते, त्यांना काय रागवणार? मी रडले. बुरशीसाठी, या वयात! आमच्या तिघांचं म्हणून जे काही होतं, ते तेवढंच होतं.

*

शेवटी सरांना फोन केला. "या," एवढंच म्हणाले. दहिवडीला गेले. सरही एकटेच राहतात. त्यांनी फ्रिज उघडला. दुधाच्या पातेल्यामागे दोन टेस्ट ट्यूब, दोन्हींवर सतरा! रिटायर झाल्यापासून दर महिन्याला ते घरच्या कुकरमध्ये खाद्य शिजवून, त्यात तांबं घालून तिला जगवत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

सरांनी एक ट्यूब कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि फ्रिज बंद केला.

"आणि दुसरी, सर?"

"ती पुढच्या महिन्यात न्या."

"अहो, पण एसटीत ही फुटली तर?"

"मग लवकर या!"