उद्धवरावांचा सहावा अर्ज

कारखाना बुडाला त्याचं चतुराबाईंना फार वाटलं नव्हतं. चिखलीकडे त्या वर्षांत पत्र्याच्या शेडा जशा उभ्या राहत, तशा आडव्याही होत. नवऱ्यानं, उद्धवरावांनी, बोल्ट पाडायची दोन यंत्रं टाकली, देणी डोईजड झाली आणि एकाहत्तर साली पुण्याच्या कोर्टानं त्यांना दिवाळखोर ठरवलं. शेड, यंत्रं विकून घेणेकऱ्यांचं जमेल तेवढं भागवलं गेलं. चतुराबाई पिंपरीला औषधाच्या कंपनीत बाटल्या तपासायला जाऊ लागल्या. त्यांच्या लेखी विषय मिटला.

उद्धवरावांच्या लेखी तो तिथून सुरू झाला. निकाल फिरवा म्हणून पहिला अर्ज, त्यात भागीदार लबाड. दुसऱ्यात भागीदाराचा मेहुणा. पुढं लिलाव करणारा, मग सावकाराचा वकील. सगळे अर्ज फेटाळले गेले. चतुराबाईंचा ओव्हरटाइम त्यात गेला. आणि हा माणूस दर वेळी कडक इस्त्रीचा सदरा घालून म्हणे, "औंदा प्रकरण उघडतंयच बघ!"

पाचव्या अर्जाच्या तारखेला त्यांनी बायकोला बरोबर घेतलं. "इचारतील तेवढ्याला व्हय म्हन," एवढंच सांगितलं.

कोर्टात वकिलानं वाचून दाखवलं, की मूळ दाव्याची नोटीस उद्धवरावांना मिळालीच नव्हती. अडाणी बायकोनं ती चुलीत घातली होती.

चतुराबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. त्या चौथी शिकल्या होत्या.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, खरं आहे का हे?"

"न्हाई साहेब. नोटीस यांनीच सही करून घेतली. पोस्टमनला च्या मी दिला हुता."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "एकच भांडण पाचव्यांदा उगाळताय, उद्धवराव. तुमचं समाधान होईस्तोवर बाकीच्यांनी हेलपाटे घालायचे? अर्ज फेटाळला. यापुढं आधी परवानगी घेतल्याशिवाय या प्रकरणात तुमचा अर्ज कोर्ट घेणार नाही."

चतुराबाईंना वाटलं, आता बाहेर गेल्यावर हा मारणार. त्याऐवजी शिवाजीनगरच्या स्टँडवर उद्धवराव भजी घेऊन शेजारी येऊन बसले. ओठ तेलकट, चेहरा खुशीत.

"बंदी माझ्यावर हाय. तुझ्यावर कुटं हाय? सहावा तुझ्या नावानं टाकू."

लाज नाही, राग नाही, काहीच नाही. रागावला असता तर निदान माणूस म्हणता आलं असतं. चतुराबाईंनी पदर आवळून घेतला, त्यांचा सदरा लागू नये म्हणून.

"मी अडाणी," त्या म्हणाल्या. "मला सही येत न्हाई."

मग उद्धवरावांनी निघोजे गावी राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला, दत्तोबाला, गाठलं आणि सहाव्या अर्जावर त्या भोळ्याचा अंगठा घेतला. प्रकरण तेच, नाव तेवढं दुसरं, हे कोर्टानं लगेच ओळखलं. अर्ज परत आला, वर दंड. दत्तोबाला दुभती म्हैस विकावी लागली. त्याची बायको चतुराबाईंच्या ओट्यावर येऊन रडली, तेव्हा आत उद्धवराव मिशांना तूप लावत होते.

त्याच संध्याकाळी चतुराबाईंनी त्यांचं अंथरूण बाहेर पडवीत नेऊन टाकलं. ताट त्या वाढत, पण उंबऱ्याबाहेर सरकवून दार लोटून घेत.

पुढं शेजारणी म्हणत, "निवळले हो आता तुमचे मालक. अर्जबिर्ज करत नाहीत."

"निवळले कसले," चतुराबाई म्हणत. "घेत न्हाई कुनी."