साक्षीनंतर कुणी आमेन म्हणालं नाही

आज चर्चमध्ये जे झालं ते कुणाला तरी सांगायचंय.

आमच्या जुईनगरच्या चर्चमध्ये देवाने काय केलं ते उभं राहून सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. ती संपली की सगळे 'आमेन' म्हणतात. पास्टरांच्या मिसेस म्हणाल्या, "ताई, मिस्टरांची दारू सुटावी म्हणून सगळ्यांनी उपवास केले. आज साक्ष द्या ना!"

मी उभी राहिले. म्हटलं, "सुटली होती. परवापासून परत सुरू झाली. आता माझ्याने प्रार्थनासुद्धा होत नाही."

कुणीच आमेन म्हणालं नाही. मिसेसनी घाईघाईने गाणं सुरू केलं.

घरी नवरा शुद्धीत होता. साक्षीचं त्याच्या कानावर आलं होतं. "माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"मग आता माझ्यासाठी प्रार्थना कोण करणार?"

मी नुसतं ताट वाढलं. तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?