बुकित तिमाहहून हिमनदीपर्यंत

सिंगापूरच्या आमच्या मराठी ट्रेकिंग ग्रुपमध्ये माणसं आठच. पण एकदा ट्रिपला जाऊन आलो की फोटो चार दिवसांत विसरले जातात आणि किस्से मात्र साठत राहतात.

न्यूझीलंडच्या ट्रिपचं मूळ सुमतीकाकू. हिमनदीच्या तळ्यात तरंगणारा बर्फ एकदा हातात घ्यायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा हट्ट. त्यांचे यजमान नेनेकाका बँकेतून रिटायर झाल्यावर कुठे ‘हो’ म्हणाले. तोवर काकांच्या गुडघ्यानं ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली होती!

*

सरावाला दर रविवारी बुकित तिमाहची टेकडी. चढायला पाऊण तास आणि उतरून हॉकर सेंटरमधल्या स्टॉलवर खात बसायला दोन तास. महिन्याभरात ग्रुपमधल्या मंदारचं वजन तीन किलोनं वाढलं.

"स्टॅमिना वाढतोय!" तो म्हणाला.

*

काकूंना टेकडी पुरेना. पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन त्या मरीन परेडच्या आपल्या कॉन्डोचे वीस मजले चढायला लागल्या. गार्डनं काळजीनं विचारलं, "आंटी, लिफ्ट स्पॉइल आ?"

"लिफ्ट ओके. आय ॲम गोइंग टु न्यूझीलंड!"

दुसऱ्या दिवशी काकू घामाघूम होऊन खाली आल्या, तर तो म्हणतो, "आंटी, रीच ऑलरेडी?"

*

न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू फॉर्मवर लिहाव्या लागतात. काकांनी बँकेच्या शिस्तीत सगळं लिहिलं, अगदी मेतकुटापर्यंत. शेवटची ओळ होती, ‘तोंडात: लवंग एक’. ऑफिसरनं आधी तीच थुंकायला लावली.

*

पहिलं निळंशार तळं दिसलं आणि आम्ही सगळे काठाशी धावलो. मंदारची सिंगापुरात वाढलेली इरा तेवढी घाबरून म्हणाली, "बाबा, नो रेलिंग! अलाउड आहे का हे?"

*

हिमनदी पूर्वी कुठपर्यंत होती, ते सांगणाऱ्या वर्षांच्या पाट्या वाटेवर आहेत. पहिली पार्किंगला लागूनच.

"या वर्षी तुमचं ऑडिट होतं," काकू म्हणाल्या.

बऱ्याच अंतरावर दुसरी. "या वर्षी प्रमोशन." तिसरीपाशी, "या वर्षी सिंगापूरच्या पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज." आवाजात राग नव्हता. त्यामुळे आम्हालाच ऐकवेना.

चौथ्या पाटीशी काकांच्या गुडघ्यानं हात टेकले. तळं अजून अर्धा तास लांब होतं आणि डोंगरावरून ढग उतरायला लागले होते.

"दहा मिनिटं थांब," काका म्हणाले. "मग दोघं जाऊ."

काकूंनी पाटीवरचं वर्ष वाचलं. थर्मास काकांच्या हातात दिला.

"तुम्ही बसा. मी जाऊन येते."